विहिणीसाठी शाळा

आमच्या विहीणबाई आणि मी एका सोफ्यावर बसलो की मध्ये तिसरे कुणी तरी लागायचे. माझा मुलगा ह्यूस्टनला असतो. सून तिथेच जन्मलेली, पण तिचे आईवडील मूळचे ग्वाटेमालाचे; १९८०च्या दशकात देश सोडून अमेरिकेत आलेले. विहीणबाईंचे इंग्रजी दुकानात लागते तेवढेच. माझे इंग्रजी बँकेतले, म्हणजे पत्रे लिहिण्यापुरते. त्यांची भाषा स्पॅनिश, माझी मराठी. घरात दोन्ही बाजू समजणारा एकच इसम होता, तो म्हणजे आमचा नातू. आणि तो होता पाच वर्षांचा.

हा दुभाषा कसा, ते सांगते. विहीणबाई डोळ्यांत पाणी आणून दोन मिनिटे काही तरी सांगत. मी विचारी, "काय रे म्हणाली आजी?" तो गाडीचे चाक फिरवत म्हणे, "ती म्हणते, छान आहे." संपले! सासुरवाडीच्या चार पिढ्यांचा इतिहास 'छान आहे' या दोन शब्दांत गुंडाळला जाई.

तरी आमचे बरे चालले होते. मी चहा करून त्यांच्या हातात दिला की त्या हळूच 'माल्त्योश' म्हणत. 'ग्रासियास' म्हणजे आभार, हे मला ठाऊक होते. तेव्हा 'माल्त्योश' हा त्याचाच घरगुती अवतार असणार, असे मी धरून चालले होते. आपण नाही का, परक्याला 'धन्यवाद' म्हणतो आणि घरच्याला 'बरं झालं गं'!

मग २०२१च्या एप्रिलमध्ये 'हे' गेले. ते दिवस वाचकांना आठवत असतील. मुलाला येता येईना. सून परिचारिका, तिची रात्रपाळी. नाशिकच्या घरात मी एकटी बसले असताना फोन वाजला, पडद्यावर विहीणबाई. त्या रडत होत्या आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारत होत्या. प्रश्न आहे एवढे स्वरावरून कळत होते. पण काय विचारतात ते कळत नव्हते. मी नुसती मान हलवत राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला. सांत्वनाला आलेल्या माणसाला उत्तर देता आले नाही, ही बोच मला पुढे तीन वर्षे छळत राहिली. एकसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायचे मी ठरवले ते त्या फोनमुळे.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. मोबाईलवर धडे गिरवले. सहा महिन्यांत 'घोडा सफरचंद खातो' आणि 'माझ्या काकांची छत्री हिरवी आहे' ही वाक्ये मला बिनचूक येऊ लागली. आमच्या विहीणबाईंकडे घोडा नाही. काकांच्या छत्रीचीही त्यांना चिंता नसावी. पुस्तक वाचून पोहायला शिकता येत नाही. पाण्यात पडावे लागते. २०२३च्या डिसेंबरात मी ह्यूस्टनला गेले तेव्हा मुलाला म्हणाले, "अरे, जिथे सगळे तीच भाषा बोलतात, अशा ठिकाणी मला महिनाभर ठेव." तो म्हणाला, "आई, अगं तुझ्या वयाला..." सूनबाई मात्र हसली आणि तिने नकाशा उघडला.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. स्पॅनिश ही वीसेक देशांची राजभाषा आहे. शिकायला जावे कुठे? पहिले नाव येते ते स्पेनमधल्या सालामांकाचे. तिथले विद्यापीठ १२१८ सालचे. त्याच विद्यापीठाशी नाते असलेल्या नेब्रिहा या पंडिताने १४९२ मध्ये, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, कास्तिलियन भाषेचे पहिले छापील व्याकरण सिद्ध केले. नोकरीसाठी, परीक्षेसाठी शिकणाऱ्याला ते उत्तमच. मेक्सिकोत ग्वानाहुआतो आणि वाहाका, एक्वादोरमध्ये कीतो, बोलिव्हियात सुक्रे, अशी गावेही शाळांसाठी प्रसिद्ध आहेत. पण भाषा एक असली तरी बोली वेगळ्या. स्पेनमध्ये 'सेर्व्हेसा' म्हणताना जीभ दातांत धरतात; अमेरिका खंडात सरळ 'स' म्हणतात. ब्वेनोस आयरेसचे लोक जिथे 'श' म्हणतात तिथे बाकीचे 'य' म्हणतात. नागपूरच्या सासरी जायचे तर मालवणी शिकून काय उपयोग? माझी विहीण ग्वाटेमालाची. म्हणजे गाव ठरले.

म्हणून वाचकांपैकी कुणाच्या मुलाबाळांना परदेशात भाषा शिकायची असेल, तर माझे पहिले सांगणे हे: आधी 'कुठली शाळा चांगली' हे विचारू नका, 'मला बोलायचे कुणाशी आहे' हे विचारा. ज्याला दाखला हवा, त्याने 'इन्स्टिट्यूतो सेर्व्हान्तेस'च्या 'देले' परीक्षेची तयारी करून घेणारी शाळा पाहावी. त्या संस्थेचे केंद्र दिल्लीतही आहे, परदेशी जायलाच हवे असे नाही. ज्याला हिंडायचे आहे त्याची गरज वेगळी, आणि ज्याला विहिणीशी बोलायचे आहे तिची आणखी वेगळी.

ग्वाटेमालात शाळांचे गाव म्हणजे अँटिग्वा. (व्हिव्ह रिचर्ड्सचे अँटिग्वा ते नव्हे; ते कॅरिबियन बेट.) १७७३च्या भूकंपात उद्ध्वस्त होईपर्यंत हे राजधानीचे शहर होते, मग राजधानी हलली आणि हे गाव पडक्या चर्चांसकट मागे उरले. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंची, त्यामुळे हवा महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखी. रस्ते गोट्यांचे, चालताना गुडघे मोजून घ्यावेत असे. तीन ज्वालामुखी गावावर वाकून पाहतात. त्यातला 'फुएगो', म्हणजे आग, मी होते तेव्हा दर थोड्या वेळाने धुराचा लोट सोडत असे. पहिल्या दिवशी मी घाबरले. चौथ्या दिवशी घरमालकिणीप्रमाणे मीही त्याच्याकडे पाहून 'आज जरा जास्तच ओढतोय' म्हणू लागले. २०१८च्या जून महिन्यात मात्र याच डोंगराने पायथ्याची वस्ती गाडून टाकली होती. गावात त्याची आठवण काढताना आवाज खाली येतो.

अशा या छोट्या गावात स्पॅनिशच्या शाळा डझनांनी आहेत. तिथली रीत म्हणजे एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी, सकाळी चार तास, आठवड्याचे पाच दिवस, आणि राहायला एखाद्या कुटुंबात. मी ह्यूस्टनहूनच संगणकावर पाहून एक शाळा पक्की केली. त्या शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. काय ते चित्र! कारंज्याचे अंगण, भिंतीवर बोगनवेल, गच्चीवरून दिसणारा ज्वालामुखी. मी भुलले आणि चार आठवड्यांचे पैसे एकरकमी भरून बसले. चौतीस वर्षे बँकेत लोकांच्या कर्जाचे कागद तपासले आणि स्वतःच्या पावतीच्या मागची बारीक अक्षरे मात्र वाचली नाहीत: 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही.'

अंगण चित्रातल्यासारखेच होते. पण मला पाच दिवसांत तीन शिक्षिका मिळाल्या. प्रत्येकीने 'तुमचे नाव काय'पासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी एका बाईंनी सांगितले, "येत असतील ते स्पॅनिश शब्द लिहा." मी लिहिले: ओला, ग्रासियास, आग्वा, कासा... आणि शेवटी माल्त्योश. बाईंनी तपासून 'माल्त्योश'वर लाल काट मारली आणि म्हणाल्या, "असा शब्द नाही. तुमचे ऐकण्यात चुकले." मी खजील झाले. राहायला दिलेले घर म्हणजे खरे तर खाणावळच. टेबलाशी आम्ही सात परदेशी पाहुणे, सगळे इंग्रजीत बोलणारे. घरची मंडळी आत स्वयंपाकघरात जेवत. पाच दिवसांत माझे इंग्रजी मात्र चांगलेच सुधारले!

शुक्रवारी मी शाळा सोडली. तीन आठवड्यांचे पैसे बुडाले. 'दिसते तसे नसते' ही म्हण पाठ असूनही माणूस फसतो, कारण म्हण आठवते ती फसल्यावर. मुलाला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. नंतरच्या दोन दिवसांत मात्र मी काम केले ते बँकेतल्या तपासनिसासारखे. वही घेऊन सात शाळांच्या पायऱ्या चढले. हे खरे तर आधी करायला हवे होते. अशा गावी आधी दोन दिवस धर्मशाळेत राहावे, शाळा पायी फिरून पाहाव्यात आणि मग पैसे काढावेत. 'इंग्वात' ही तिथली सरकारी पर्यटन संस्था शाळांना मान्यता देते. मान्यतेचा कागद भिंतीवर आहे का ते जरूर बघावे. पण औषधाच्या दुकानाचा परवाना भिंतीवर असतो, म्हणून औषध लागू पडतेच असे नाही.

मी काय विचारत गेले, ते सांगते. कुणाला तरी उपयोगी पडेल. एक, तोच शिक्षक आठवडाभर राहील का, आणि पटला नाही तर बदलून मिळेल का? दोन, पैसे आठवड्याचे आठवड्याला घ्याल का? तीन, ज्या घरी राहायचे तिथे एका वेळी किती पाहुणे असतात, आणि घरची माणसे जेवायला टेबलाशी बसतात का? चार, पैसे भरण्याआधी तासभर शिकवून दाखवाल का? चांगल्या शाळांना या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यांना आला, त्यांच्या पायऱ्या मी उतरले.

पाचवा प्रश्न जरा अवघड होता: 'मी देणार त्यातले शिकवणाऱ्याला किती मिळतात?' हा विचारताना मला एक गंमत सापडली. आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. तिकडे 'पगार' म्हणजे पैसे देणे. स्पॅनिशमध्येही शब्द तोच. मी व्याकरणाची ऐशीतैशी करून 'पगार... माएस्त्रा... क्वान्तो?' असे विचारी आणि समोरच्याला बरोबर कळे! काही ठिकाणी संचालक हसून विषय बदलत. एका ठिकाणी बाहेर पडताना एका तरुण शिक्षिकेने मला हळूच सांगितले, की तिला तासाचे जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके मिळतात आणि विद्यार्थी नसला की तेही नाहीत. ती सकाळी इथे आणि दुपारी आणखी एका शाळेत शिकवत होती. दमलेल्या माणसाकडून भाषा शिकणे म्हणजे उपाशी माणसाकडून पाककृती ऐकणे. यात केवळ दयेचा भाग नाही, आपला स्वार्थही आहे. ज्या शिक्षकाला शाळा टिकवून धरत नाही, तो आपल्याला तरी मन लावून कसा धरणार?

सातवी शाळा शिक्षकांनीच मिळून चालवलेली होती. इमारत म्हणजे एका जुन्या घराच्या तीन खोल्या आणि मागचे परसू. परसात लिंबाच्या झाडाखाली दोन लाकडी टेबले. कारंजे नाही, गच्ची नाही. आठवड्याच्या वीस तासांचे १८० डॉलर, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा शिकवणाऱ्याचा, हे त्यांनी वहीतून दाखवले. राहण्याजेवणाचे १३० डॉलर वेगळे, ते थेट घरमालकिणीच्या हाती. म्हणजे आठवड्याला आपले सुमारे २६ हजार रुपये. रक्कम लहान नाही. पण त्यांनी पैशांआधी मला विचारले, "तुम्हाला स्पॅनिश कशासाठी हवे आहे?" सहा शाळांत हे कुणी विचारले नव्हते.

मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले: माझा मुलगा, त्याची बायको, तिची आई. समोरच्या बाई एकदम म्हणाल्या, "आ, तू कोन्सुएग्रा!" आणि माझ्या लक्षात आले, की या भाषेत 'विहीण' या नात्याला स्वतंत्र शब्द आहे! इंग्रजीत तो नाही. तिथे 'माझ्या मुलाच्या पत्नीची आई' अशी वरात काढावी लागते. ज्या भाषेला विहीण ठाऊक आहे, ती भाषा मला परकी वाटेना.

या बाई पन्नाशीच्या. शेजारच्या, विणकामासाठी नावाजलेल्या सान अंतोनियो आग्वास कालिएन्तेस गावच्या. त्यांनीही तेच सांगितले: येत असतील ते शब्द म्हणा. मी म्हटले, आणि शेवटी, लाल काट आठवून, जरा चाचरतच, 'माल्त्योश'. बाईंचा हात वहीवर थांबला. "हा शब्द कुठे ऐकलात?" मी म्हटले, माझी विहीण म्हणते, चहा दिल्यावर. त्यांनी विचारले, "त्या कुठल्या?" मी गावाचे नाव सांगितले: तोतोनिकापान. बाई म्हणाल्या, "हे स्पॅनिश नाही. ही किचे भाषा आहे. माझी आई काक्चिकेल बोलते, आम्ही 'मात्योश' म्हणतो. अर्थ तोच, आभार." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या विहिणीलाही स्पॅनिश शिकावेच लागले असेल. तुमच्यासारखे."

मी त्या दिवशी पुढे काही शिकले नाही. ग्वाटेमालात माया कुळातल्या बावीस भाषा बोलल्या जातात. २००३च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली, पण त्याआधीचा इतिहास कडू आहे. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे तिथे यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, त्यांत बहुसंख्य माया समाजाची. १९९२चे शांततेचे नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू यांची मातृभाषा किचेच. स्पॅनिश त्या नंतर शिकल्या. अशा काळात आपली भाषा तोंडावर येऊ न देणे हा जगण्याचाच भाग झाला असेल. आमच्या विहीणबाईंनी ती मुलीलाही शिकवली नव्हती. सूनबाईला विचारले तर म्हणाली, "आजी फोनवर काही तरी वेगळे बोलायची. मी कधी विचारलेच नाही." आणि माझ्या हाती चहाच्या कपाएवढी त्या भाषेची एक खूण चार वर्षे पडत होती! आधीच्या शाळेने तिच्यावर लाल काट मारली. शाळेची परीक्षा कशी घ्यावी, असे मला कुणी विचारले तर मी हेच सांगेन: तुमचा चुकलेला शब्द ती कशी ऐकते, ते पाहा.

शिकणे सोपे नव्हते. बासष्टी गाठत आलेल्या डोक्यात क्रियापदांची रूपे सकाळी जातात आणि दुपारी निघून येतात. पण मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. तिथे वस्तूंना लिंग असते. इंग्रजी बोलणारे डोके धरून बसतात, की टेबल बाई कशी? आपल्याकडे तीन लिंगे, तिथे दोनच. म्हणजे आपल्याला सूटच की! त, द, ञ हे उच्चार आपल्या घरचे. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक तिथेही आहे. विहिणीला 'उस्तेद' म्हणायचे, नातवाला 'व्होस', हे एकदाच सांगितलेले पुरले. आणि 'मला आंबा आवडतो' हे वाक्य! इंग्रजीत मी आंब्याला आवडते करते. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखाच आंबा मला आवडतो: 'मे गुस्ता एल मांगो'. या रचनेला इतरांना आठवडा लागतो म्हणे. मी ती पाच मिनिटांत उचलली आणि बाईंसमोर जरा कॉलर ताठ केली.

दुपारचा वर्ग घरी. घरमालकीण, तिची सासू आणि शाळकरी मुलगी. जेवायला सगळ्या एकत्र. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, त्याचे गोळे हातावर थापून 'कोमाल'वर, म्हणजे तव्यावर, टाकलेली तोर्तिया म्हणजे भाकरीची धाकटी बहीण. काळ्या घेवड्याची उसळ रोज. पाटा-वरवंट्याचे भावंडही कोपऱ्यात होते. मी भाकरी थापून दाखवली तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरून उलटासुलटा करून पाहिला आणि तेव्हापासून त्या मला पाहुणी मानीनाशा झाल्या. चिकूला तिथे 'चिकोसापोते' म्हणतात. आपल्या चिकूचे माहेर त्याच मुलखातले. फेब्रुवारी संपता संपता, ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत, मिरवणूक जाणार म्हणून रस्त्यावर रंगीत भुशाचे गालिचे घालतात. आमच्या दारापुढच्या गालिच्यात एका कोपऱ्यात मी गोपद्म काढले. मिरवणूक त्यावरून चालत गेली आणि घटकेत सगळे पुसले गेले. कुणाला वाईट वाटले नाही.

या घराची एक गोष्ट मला आपल्या लोकांना मुद्दाम सांगायची आहे. मी अडखळले, तर ती माणसे थांबत. शब्द सापडेपर्यंत वाट पाहत. मुलीला शाळेतले इंग्रजी येत होते, पण ती ते वापरत नसे. आजीने तिला तंबी दिली होती. आणि आपण? नाशिकला, पुण्याला, मुंबईला बाहेरून कुणी येते, हौसेने 'मला मराठी शिकायचं आहे' म्हणते, आणि त्याचे पहिले वाक्य अडखळले रे अडखळले की आपण हिंदीवर येतो. तसे करण्यात आपल्याला सौजन्य वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्या तोंडावर दार लावतो. मग सभांतून गळा काढतो, की मराठी कुणी शिकत नाही! परदेशी भाषेची शाळा शोधत सात पायऱ्या चढल्यावर मला हे कळले, की भाषा शिकवण्याचे निम्मे काम शाळा करते, उरलेले निम्मे वाण्याने, रिक्षावाल्याने आणि शेजारणीने करायचे असते. ते फुकट असते. फक्त दोन मिनिटे थांबावे लागते.

आणि आपल्या मुलांसाठी शाळा निवडताना आपण काय पाहतो, तेही जाता जाता विचारून घेते. इमारत, बस, गणवेश, स्नेहसंमेलनाचा मंडप. शिकवणाऱ्या बाईंना महिन्याला हातात किती पडते, त्या वर्षात किती वेळा बदलतात, हे फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांपैकी किती जण विचारतात? मीही माझ्या मुलाच्या वेळी विचारले नव्हते. कारंज्याला मी दोनदा भुलले, असेच म्हणायचे.

एकूण पाच आठवड्यांनी, मार्चमध्ये, मी ह्यूस्टनला परतले. भाषा आली असे म्हणणार नाही. भूतकाळ माझा अजून वर्तमानात शिरतो. पण दुसऱ्याच दिवशी विहीणबाई आल्या, मी चहा केला आणि कप हातात देताना त्यांच्याआधी मीच म्हटले, "माल्त्योश, कोन्सुएग्रा." चहा देणारीनेच आभार मानायचे नसतात, हे मला कळत होते. पण त्यांचा कप बशीत वाजला. नातू मध्येच आला, त्याला त्यांनी बाजूला केले. दुभाषा त्या दिवशी प्रथमच बेकार झाला.

त्या खूप बोलल्या. मला निम्मे कळले. शाळेत किचे बोलले म्हणून बसलेली छडी, आईचा वरवंटा, सीमा ओलांडताना मागे राहिलेला भाऊ. मी अडखळत विचारी, आणि त्या थांबत. त्यांनाही ही भाषा कुणी तरी शिकवलेलीच होती. माझ्या चुकांना त्या हसल्या नाहीत.

शेवटी मी तो प्रश्न विचारला. त्या रात्री, हे गेले तेव्हा, तुम्ही फोनवर काय विचारत होता? एकच वाक्य, पुन्हा पुन्हा?

त्यांना आठवत होते. त्या म्हणाल्या, "जेवलात का, म्हणून विचारत होते. तुम्ही नुसती मान हलवत होता. हो म्हणता की नाही, मला कळेना."

मी म्हटले, "नव्हते जेवले."

त्या उठल्या आणि तवा चढवला.